विजेची जवारी

गणेशोत्सवात मंडपामागे ठेवलेला ॲम्प्लिफायर कंपनीचा नसून गावातल्याच कारागिराने जोडलेला असेल, तर त्याच्या बास-ट्रेबलच्या बोर्डावर बहुधा आठ पायांची एक काळी आयसी सापडते. तिचा नंबर ४५५८. दुकानात नंबर सांगितला की काउंटरवरचा माणूस डबीतून काढून देतो, आणि तिची किंमत इतकी किरकोळ असते की एक मागणारा सहसा दोन घेऊन जातो. १९७९ साली जपानच्या आयबानेझ कंपनीने ‘ट्यूब स्क्रीमर’ टीएस-८०८ नावाचं गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल बाजारात आणलं. सुसुमू तामुरा यांनी आखलेल्या त्या सर्किटच्या मध्यभागी याच नंबरची आयसी होती. पुढे स्टीव्ही रे व्हॉनसारख्या वादकांनी ते पेडल पायाखाली ठेवलं, आणि त्या काळातल्या मूळ नगांसाठी आज संग्राहक मोठी किंमत मोजतात. म्हणजे ज्या आवाजासाठी जग धडपडतं, त्याचं मुख्य अंग आपल्या गल्लीतल्या मंडपामागे वर्षानुवर्षं पडून आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींनी पहिलं ओव्हरड्राइव्ह विकत न घेता स्वतः बनवावं, असं माझं म्हणणं आहे. त्यात पैसे वाचतात म्हणून नव्हे. पैसे फारसे वाचत नाहीतच. या आवाजाचा स्वभावच असा आहे की तो कानाने घडवावा लागतो.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, ते आधी पाहू. गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा संकेत फार लहान असतो, व्होल्टच्या काही दशांशांचा. ॲम्प्लिफायर तो वाढवतो. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक छत असतं. संकेत त्या छताला टेकला की लाटेचा गोल माथा दाबला जातो, चपटा होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज पूर्ण वाढवला की हे आपोआप घडायचं, आणि अभियंते त्याला दोष मानायचे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या १९६१ साली आलेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिनची बास गिटार बिघडलेल्या चॅनेलमधून गेली आणि भरड, घरघरता सूर उमटला. तो काढून न टाकता गाण्यात तसाच ठेवला गेला. लोकांना तो इतका आवडला की पुढच्याच वर्षी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी बाजारात आली, माएस्ट्रो फझ-टोन. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वाजली आणि मग हा दोष उरलाच नाही, ती मागणी झाली.

यावर पहिला आक्षेप आपल्या घरातूनच येतो: फाटका आवाज हे संगीत कसलं, आपला कान तर शुद्ध सुरावर घडलेला. पण या आक्षेपाला तानपुराच उत्तर देतो. तानपुऱ्याची तार घोडीवरून सरळ, टोकदार कडेवरून जात नाही. ती किंचित गोलाई दिलेल्या रुंद पृष्ठभागावर टेकते. तार कंप पावते तसा तिचा त्या पृष्ठभागाशी होणारा स्पर्श क्षणाक्षणाला बदलतो. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून एका ठरावीक जागी आणला की नुसत्या टणत्काराऐवजी झंकार फुटतो, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना एक नेमकी गोष्ट दाखवली. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचा (हार्मोनिक्सचा) स्थिर बिंदू येतो, ते स्वरांश युरोपीय नियमाप्रमाणे ऐकू यायलाच नकोत. तानपुरा आणि वीणेत मात्र ते स्वच्छ ऐकू येतात, कारण घोडी ते नव्याने जन्माला घालते. म्हणजे जवारी ही तारेच्या मूळ कंपनात नसलेले स्वर पैदा करणारी, जाणूनबुजून केलेली विकृती आहे. मिरजेच्या कारागिरांचं नाव ज्या गुणामुळे देशभर झालं, त्यात ही विकृती हाताने आणि कानाने बरोबर साधणं हा मोठा भाग आहे. जवारी काढून घेतलेला तानपुरा अधिक शुद्ध वाजेल, पण त्याच्याशी सूर लावून गायला कुणी बसणार नाही. आणि ज्या आगरी-कोळी पट्ट्यात हळदीला बेंजो वाजतो, तिथल्या कानाला कडा फाटलेल्या, विजेवर चढवलेल्या तारेचा आवाज परका आहे असं म्हणणं तर अगदीच अवघड.

ही तुलना नुसती अलंकारिक नाही. आकड्यांतही ती उतरते. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झचा सूर येतो. त्याला षड्ज धरा. लाटेचे दोन्ही माथे सारखेच दाबले की मूळ सुरात तिप्पट आणि पाचपट कंपनांचे स्वर जोराने मिसळतात. तिप्पट म्हणजे ३३०, वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे ५५०, त्याहून वरच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडता ऐकू येणारा जो स्वयंभू गंधार गायकांना इतका प्रिय असतो, तो हाच पाचवा स्वरांश. ओव्हरड्राइव्हमध्ये एका तारेवर तोच वर येतो. दोन तारा एकत्र छेडल्या की आणखी काही घडतं. ११० आणि १६५ हे षड्ज-पंचम विकृतीतून गेले तर ५५ हर्ट्झचा तिसरा सूर उमटतो, म्हणजे थेट खालचा षड्ज. म्हणून रॉकवाले षड्ज-पंचमाच्या जोडीवर इतके विसंबून असतात. षड्ज-गंधाराची जोडी मात्र गिटारवर खवखवते. शुद्ध गंधार १३७.५ चा असेल, तर त्याच्यातून नेमका १६५ चा पंचम निघाला असता. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार सुमारे १३८.६ चा आहे, किंचित चढा. त्यातून १६७ च्या आसपासचा सूर निघतो आणि तो खऱ्या पंचमाला घासतो. पेटीच्या गंधाराबद्दल आपल्या गायकांनी केलेली जुनी तक्रार ओव्हरड्राइव्ह असं ठळक करून ऐकवतं.

आता सर्किटकडे येऊ. ९ व्होल्टची बॅटरी, दोन सारख्या रेझिस्टरांनी तिचा साडेचार व्होल्टचा मध्य काढलेला, आणि त्या मध्याभोवती वरखाली झुलणारा गिटारचा संकेत. ४५५८ च्या पोटात दोन ॲम्प्लिफायर असतात. पहिला संकेत किती पट वाढवणार, हे दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर ठरतं. ट्यूब स्क्रीमरमध्ये हे प्रमाण ड्राइव्हचं बटण फिरवून साधारण १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत नेता येतं. पण आयसीचा आउटपुट आणि तिचा उलटा इनपुट यांच्यामध्ये दोन डायोड एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असतात. त्यांच्यावरचा दाब ०.६ व्होल्टच्या आसपास गेला की ते वाट मोकळी करतात आणि वाढ तिथेच थांबते. लाट छतावर आपटत नाही, छताखालून वाकून जाते. यामुळेच याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, फझ नव्हे. आणि हलक्या हाताने छेडलं की सूर स्वच्छ, जोरात छेडलं की भरड, हा वादकाच्या बोटांचा फरक त्यात टिकतो. आणखी एक हुशारी आहे. ४.७ के चा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दुकानातला ‘४७३’, ही जोडी ७२० हर्ट्झच्या खाली वाढ कमी कमी करत नेते. त्यामुळे जाड तारांचा चिखल होत नाही. लोक ज्याला या पेडलचा ‘स्वभाव’ म्हणतात, त्याचा मोठा भाग या दोन चिल्लर वस्तूंमध्ये आहे.

इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. मिरजेचा कारागीर घोडी घासताना प्रत्येक घासणीनंतर तार छेडून पाहतो; खुली जवारी हवी की बंद, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. पेडलमध्ये घासणीची जागा या सुट्या भागांनी घेतलेली आहे. ‘४७३’ ऐवजी ‘१०४’ लावा, खालचे सूर भरून येतील. नेहमीचा १एन४१४८ डायोड काढून लाल एलईडी लावा, तो १.७ व्होल्टच्या आसपास वाट देतो, म्हणून आवाज मोठा आणि मोकळा होतो. जुन्या रेडिओतून काढलेला ओए-७९ सारखा जर्मेनियम डायोड लावा. तो लवकर वाट देतो, म्हणून सूर लवकर आणि मऊ दबतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले तर लाटेचे दोन माथे असमान दाबले जातात आणि दुप्पट, चौपट कंपनांचे स्वरही आत येतात. बॉस कंपनीच्या १९७७ सालच्या ओडी-१ पेडलची हीच खूण. विकतच्या पेडलवर तीन बटणं असतात आणि ती कंपनीने ठरवलेल्या चौकटीतच फिरतात. बोर्ड आपला असेल तर डायोडच्या जागी आयसी सॉकेटची पट्टी लावायची आणि संध्याकाळभर एकेक भाग बदलत ऐकायचं. कुणाची गिटार मुळात चिरकी असते, कुणाचा स्पीकर घुमणारा असतो. त्या विशिष्ट गिटारीला, त्या विशिष्ट स्पीकरला कोणती जवारी हवी, हे कारखान्यात बसून ठरत नाही.

स्ट्रिपबोर्ड या कामासाठीच जन्माला आला असावा असं वाटतं. ब्रिटनच्या व्हेरो कंपनीने तो रूढ केला म्हणून जुने लोक त्याला व्हेरोबोर्ड म्हणतात. दुकानात ‘झिरो पीसीबी’ मागितलं तर कधी सुट्या ठिपक्यांचा बोर्ड हातात येतो. आपल्याला खालून तांब्याच्या सलग पट्ट्या असलेला हवा, हे उलटून पाहून घ्यावं. भोकं २.५४ मिलीमीटरच्या अंतरावर असतात, आयसीचे पाय त्यांत चपखल बसतात. पण आयसी बसली की समोरासमोरचे पाय एकाच पट्टीवर येतात: १ आणि ८, २ आणि ७, ३ आणि ६, ४ आणि ५. म्हणून मधल्या चार पट्ट्या तोडल्याच पाहिजेत. त्यासाठी साडेतीन-चार मिलीमीटरचा ड्रिल बिट घ्यायचा, मशीनला न लावता बोटांत धरायचा आणि भोकावर टेकवून दोन-तीन वेळा पिळायचा. तांब्याची बारीक कुरळी साल निघते आणि खालचा तपकिरी बोर्ड दिसतो. त्यानंतर बोर्ड उजेडासमोर धरून पाहावा. केसाएवढी तांब्याची रेघ जरी उरली तरी पेडल मुकं राहतं, आणि दोष शोधायला रात्र जाते. दुसरी हमखास चूक म्हणजे आरसा: नकाशा वरून काढलेला असतो, पट्ट्या तोडायच्या खालून, आणि बोर्ड उलटला की डावं उजवं होतं. तोडायच्या जागी वरूनच भोकात टाचणी खुपसून खालून खूण केली की हा घोळ होत नाही.

सोल्डरिंग शिकायला बोटांना थोडा वेळ द्यावा लागतो. आधी टोकाने पाय आणि पट्टी दोन्ही तापवायचे, मग तार लावायची. वितळलेलं सोल्डर पायाला मिठी मारून चकचकीत पसरलं तर जॉइंट बसला, करडा गोळा होऊन नुसतं टेकलं तर तो ड्राय सोल्डर. खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावेत, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. आयसी सॉकेटमध्ये बसवण्याआधी आणि नंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. आठव्या पायावर ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, आणि आयसी बसल्यावर उरलेल्या सहाही पायांवर साडेचारच्या आसपास, हे दिसलं की बहुतेक लढाई जिंकली. तिसऱ्या पायावर स्वस्तातला मल्टिमीटर तीन व्होल्टच दाखवेल. त्याने घाबरू नये. तिथल्या मोठ्या रेझिस्टरमधून मीटर स्वतःच थोडी वीज ओढतो, म्हणून आकडा खाली येतो. पहिले काही दिवस बॅटरीच वापरावी. पेडलच्या दुनियेत ॲडॉप्टरच्या पिनेचा मध्य ऋण असतो आणि आपल्या बाजारातल्या बहुतेक ॲडॉप्टरचा धन. उलटा लागला तर आयसी जळते. डबा धातूचाच घ्यावा आणि तो ग्राउंडला जोडावा, नाहीतर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घूं सुरावर स्वार होते. हे सगळं ९ व्होल्टचं खेळणं आहे, जिवाला धोका नाही. व्हॉल्व्हच्या किंवा मेनवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचं झाकण मात्र जाणत्या माणसाशिवाय उघडू नये.

या पट्ट्याबद्दल एक आक्षेप हमखास ऐकू येतो: शेवटी ही नक्कलच ना? उल्हासनगरच्या नावाला हा शब्द फार दिवस चिकटून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे उतरलेले सिंधी निर्वासित, ८ ऑगस्ट १९४९ ला मिळालेलं उल्हासनगर हे नाव, आणि आजही पत्ता सांगताना निघणारा ‘कॅम्प नंबर’. हाती काही नसलेल्या माणसांनी दिसेल ती वस्तू उघडली, समजून घेतली आणि बनवली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा किस्सा सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्या किश्श्यात जे चुकीचं आहे, ते लेबल आहे. दुसऱ्याचं नाव छापून ग्राहकाला फसवणं चूकच. पण वस्तू उघडून, तिच्यासारखी दुसरी करून शिकणं ही चूक नाही, आणि गिटारच्या आवाजाचा सगळा इतिहास याला साक्षी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकेच्या फेंडर बासमन ॲम्प्लिफायरचं सर्किट समोर ठेवून जेटीएम-४५ तयार झाला. अमेरिकन भाग महाग आणि दुर्मीळ, म्हणून ब्रिटनमध्ये मिळणारे ट्रान्सफॉर्मर, तिथलेच व्हॉल्व्ह, तिथलेच स्पीकर घातले. आवाज बदलला, आणि त्या बदललेल्या आवाजाला आज जग ‘मार्शल’ म्हणून ओळखतं. नक्कल जेव्हा स्थानिक भागांनी केली जाते, तेव्हा ती फार काळ नक्कल राहत नाही. इथे तर साहित्य हाताशी आहे: उल्हासनगरच्या दुरुस्तीच्या दुकानांतले खोके, अंबरनाथच्या एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप्स, जिथे ॲल्युमिनियमच्या डब्याला सरळ भोक पाडून देणारा माणूस भेटतो, आणि इथे न मिळालेलं काही असेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, म्हणजे लॅमिंग्टन रोड. तिथे गिटारचा मोठा जॅक ‘पी-३८’ म्हणून मागावा, लगेच मिळतो.

राहिला प्रश्न पैशाचा आणि फोनचा. चिनी बनावटीची तयार पेडल स्वस्त झाली आहेत, हे खरं. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पायाने दाबायचा स्विच आणि डबा धरला तर पहिलं घरगुती पेडल त्यांच्याहून स्वस्त पडेलच असं नाही. दुसरं नक्की पडेल, कारण हत्यारं उरतात. फोनवरच्या ॲपमध्ये शंभर पेडलांची चित्रं असतात आणि त्यांतली बरीच छान वाजतात, तेही मान्य. बदलापूरच्या इमारतीत रात्री दहानंतर हेडफोनवर वाजवणाऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे. पण खुद्द ओव्हरड्राइव्ह पेडलची सोयही तीच आहे: जो सूर पूर्वी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कानठळ्या बसेपर्यंत वाढवूनच निघायचा, तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला न उठवता निघतो. फरक इतकाच की ॲपमधलं चित्र उघडून आत काय आहे ते पाहता येत नाही. बिघडलं तर वाट पाहायची. बोर्डावर वीस-पंचवीस भाग असतात आणि प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगता येतं. आजच्या घरात अशी, शेवटच्या तारेपर्यंत समजणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

स्ट्रिपबोर्ड कच्चा, छापील पीसीबी पक्का, हा अनुभवी माणसांचा आक्षेप आहे आणि तो मला अर्धा पटतो. रोज लोकलच्या गर्दीतून न्यायचं, स्टेजवर पायाने दाबायचं पेडल असेल तर शेवटी पीसीबी बरा. लांब पट्ट्या खरखर पकडतात, लोंबत्या तारा तुटतात. पण पीसीबी हा निर्णय झाल्यानंतरचा कागद आहे. आधी कोणता डायोड, कोणता कपॅसिटर हे कानाने ठरायला हवं, आणि तोवर खोडता येणारी पाटीच लागते.

डायोड क्लिपर, म्हणजे डायोडने लाटेचा माथा दाबण्याचा प्रयोग, डिप्लोमाला असतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या इतर अभ्यासक्रमांतही असतो. मुलं सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावर चपटी झालेली लाट पाहतात, जर्नलमध्ये ती पेन्सिलीने काढतात, सही घेतात आणि पुढच्या प्रयोगाकडे जातात. ती लाट कशी ऐकू येते, हे कुणी त्यांना ऐकवत नाही. अंबरनाथच्या आयटीआयमध्ये, उल्हासनगर-बदलापूरच्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे: त्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सीआरओच्या शेजारी एक छोटा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवा, आणि वर्गात जो कुणी गिटार वाजवत असेल त्याला ती घेऊन यायला सांगा.